एक्केचाळीस मेंदू

नमस्कार श्रोतेहो.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत एक जोडचित्र पुन्हा पुन्हा भेटतं. शेजारीशेजारी दोन मेंदू. एकाच्या कपाळामागचा भाग लाल-पिवळा उजळलेला, दुसऱ्याचा तोच भाग निळसर, विझल्यासारखा. पहिला तुमच्याआमच्यासारख्या माणसाचा, दुसरा खुन्याचा. पाहताक्षणी वाटतं, सापडलं गुन्ह्याचं मूळ! ज्या संशोधनामुळे हे चित्र गाजलं, ते मात्र फार सावध आहे. त्याबद्दलच आज बोलायचं आहे.

१९९७ साली मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या ४१ आरोपींच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ पुरुष, २ स्त्रिया. आरोप माणूस मारल्याचा, आणि कोर्टात बचाव मानसिक स्थितीचा. तुलनेला त्याच वयाचे आणखी ४१ जण. शिरेतून ग्लुकोजसारखा, किंचित किरणोत्सारी पदार्थ टोचायचा. मेंदूचा जो भाग जास्त राबतो तो जास्त ग्लुकोज ओढतो आणि पेट स्कॅनमध्ये उजळ दिसतो. पदार्थ मेंदूत मुरेपर्यंत, सुमारे अर्धा तास, प्रत्येकाने पडद्यावर नजर ठेवायची आणि ठरलेली खूण दिसली की बटण दाबायचं.

आरोपींच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे कपाळामागच्या भागात, ग्लुकोजचा वापर कमी निघाला. उसळलेल्या रागाला लगाम घालण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. भीतीशी जोडलेल्या अमिग्डालाचं कामही डाव्या-उजव्या बाजूंना असमान होतं.

इथवर सगळे सांगतात. पण बटण दाबण्याच्या कामात दोन्ही गट सारखेच ठरले, हे सहसा कुणी सांगत नाही. आरोपींच्या मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग उलट जास्त राबत होता. पुढची उणीव मागून भरून निघत असावी, असा संशोधकांचा अंदाज. पुढच्याच वर्षी त्यांनी यातल्या काही जणांची विभागणी केली: रागाच्या झटक्यात मारणारे आणि थंड डोक्याने, बेत आखून मारणारे. बेत आखणाऱ्यांचा कपाळामागचा भाग जवळजवळ सर्वसामान्यांसारखाच चालत होता. विचार केला तर पटतं. बेत आखायलाही तोच भाग लागतो ना!

शिवाय हे ४१ जण मुळातच वेगळे होते. त्यांच्यापैकी अनेकांना पूर्वी डोक्याला मार बसलेला, काहींना स्किझोफ्रेनिया. सगळ्या खुन्यांचे ते प्रतिनिधी नव्हेत. आणि ४१ जणांच्या सरासरीवरून बेचाळिसाव्या माणसाबद्दल निवाडा देता येत नाही. हिंसा केवळ शरीररचनेने ठरते असा अर्थ काढू नका, हे खुद्द रेन यांनीच त्या लेखात बजावलं आहे.

मी यावर इतकी अडून बसते, कारण जन्मजात गुन्हेगार या कल्पनेने आपल्याकडे माणसं चिरडली आहेत. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला आणि पारध्यांसारख्या जमातींची पोरंबाळंसुद्धा गुन्हेगार म्हणून नोंदली गेली. सोलापुरात कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणाआड राहिली. त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात. कायदा १९५२ साली गेला. पोलीस आजही चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांकडे वळतात. आणि हा शिक्का मारला गेला तेव्हा तर कुणाजवळ स्कॅनचं यंत्रही नव्हतं.

माझ्याकडे पालक येतात. मुलगा वर्गात मारामाऱ्या करतो, परवा एकाचं डोकं फोडलं, मेंदूचा स्कॅन करून घेऊ का मॅडम? फिट येत असेल, डोक्याला मार बसला असेल, वागणं एकाएकी पालटलं असेल, तर मी त्यांना लगेच मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवते. एरवी आधी खाली बसवते. झोप किती होते? शाळेत कुणी छळतं का? आणि मग, शक्य तितक्या हळू आवाजात, घरी त्याला कोण मारतं?