शहर जामीन राहतं तेव्हा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, विषय पार्किंगचा असूनही सभागृह भरलंय. म्हणजे बाहेर गाडी लावायला जागा मिळाली म्हणायची. (हशा) ज्यांना मिळाली नाही ते अजून चकरा मारतायत. ते आले की जरा सरकून घ्या.

पत्रिकेवर छापलंय, 'बुडालेल्या वाहनतळाची किंमत कोण मोजतं?' उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे: करदाता. मग एवढा वेळ बोलायचं कशाला? तर मला खुपतं ते निराळंच. सार्वजनिक कामात कधीमधी पैसे बुडायचेच. पण दुसऱ्याचे पैसे कमी पडले तर आपण भरू, अशा हमीवर शहर सही करतं, त्या दिवशी अंदाजपत्रकात त्या हमीपुढे आकडा काय असतो? शून्य! सगळा घोळ त्या शून्यात आहे, आणि त्यावरच मी आज बोलणार आहे. आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा दोन मिनिटांत कळेल.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं स्पोकेन. राजधानी वॉशिंग्टन नव्हे, ते पार दुसऱ्या टोकाला. ही गल्लत दर व्याख्यानात कुणीतरी करतंच. तिथल्या मध्यवस्तीत 'रिव्हर पार्क स्क्वेअर' नावाचा मॉल. नव्वदच्या दशकात त्याच्या नूतनीकरणाचं घाटत होतं. नॉर्डस्ट्रॉमसारखं मोठं दुकान तिथून हललं तर मध्यवस्ती ओस पडेल, अशी धास्ती होती. ती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. मॉल कुणाचा? काउल्स घराण्याच्या कंपन्यांचा. आणि गावातलं मुख्य वृत्तपत्र 'स्पोक्समन-रिव्ह्यू' कुणाचं? त्यांचंच! (हशा) हसू नका, पुढे 2007 मध्ये त्या वृत्तपत्रानं या प्रकरणातलं आपलंच वार्तांकन बाहेरच्या परिषदेकडून तपासून घेतलं. एवढं धाडस किती संपादक दाखवतील, मला शंका आहे.

तर मॉलला वाहनतळ हवा. 1998 मध्ये 'स्पोकेन डाउनटाउन फाउंडेशन' नावाच्या ना-नफा संस्थेनं 3 कोटी 14 लाख डॉलरहून जास्त रकमेचे कर्जरोखे काढले आणि मॉलवाल्यांकडून पार्किंगची इमारत घेतली. आता नीट ऐका. इमारतीची किंमत कशी काढायची? एक रीत म्हणजे काँक्रीट, लोखंड, मजुरी यांची बेरीज. दुसरी म्हणजे ती पुढे किती कमावेल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून मागे येत किंमत ठरवायची. इथे दुसरी रीत वापरली. अंदाज फुगला की किंमत आपोआप फुगते. इमारत घेतली तरी खालची जमीन मॉलवाल्यांचीच राहिली, तिचं भाडं वेगळं. आणि भाडं व देखभाल यांना पैसे कमी पडले तर? 1997 च्या ठरावानुसार शहरानं रस्त्यावरच्या पार्किंग मीटरचं उत्पन्न कर्जाऊ द्यायचं! म्हणजे रस्त्याकडेला गाडी लावून कुणी मीटरमध्ये नाणं टाकणार, आणि ते जाणार मॉलच्या मालकाच्या भुईभाड्यात.

नागरिकांचा एक गट कोर्टात गेला. 1997 मध्येच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शहराच्या बाजूनं निकाल दिला. 1999 मध्ये मॉल झोकात उघडला. वाहनतळाचं उत्पन्न मात्र अंदाजाच्या जवळपासही गेलं नाही. मीटरचे पैसे मोजायची वेळ आली तसा शहरानं हात आखडता घेतला. 2001 मध्ये रोखेधारक फेडरल न्यायालयात गेले. मग कोण कुणावर फिर्याद करतंय याचा पत्ता लागेना. वकिलांची फी भरायची कुणी? पुन्हा तोच मीटरवाला. खाल्लं एकानं आणि खवखव दुसऱ्याला!

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' अहो, आत्ता कुठे मी मुद्द्यावर येतोय! बरं, भराभर सांगतो.

कुणी म्हणेल, मग हमी देऊच नका. न्यूयॉर्कनं नव्हती दिली. यांकी स्टेडियमजवळच्या वाहनतळांसाठी शहराच्याच एका संस्थेमार्फत 2007 मध्ये सुमारे 23 कोटी 70 लाख डॉलरचे करमुक्त रोखे निघाले, चालवायला ना-नफा कंपनी. पण 2009 मध्ये शेजारीच रेल्वे स्टेशन सुरू झालं, जवळच स्वस्त पार्किंगही होतं. मजलेच्या मजले रिकामे. रोखे बुडाले ते गुंतवणूकदारांचे, खरं आहे. पण जमीन शहराची, तिचं भाडं आणि कराच्या जागी शहराला द्यायच्या ठरलेल्या रकमा थकल्या. हमी नसतानाही खड्डा पडलाच.

शिकागोनं उलटं केलं: 2006 मध्ये आपली भुयारी पार्किंग गॅरेजेस खासगी कंपनीला 99 वर्षांसाठी 56 कोटी 30 लाख डॉलरना देऊन टाकली. करारात अट होती की आसपास स्पर्धक सार्वजनिक पार्किंग होऊ द्यायचं नाही. शहरानं एका टॉवरला परवानगी दिली आणि लवादानं 2013 मध्ये 5 कोटी 78 लाख डॉलरची भरपाई ठोठावली. ही अटसुद्धा हमीच. फक्त तिला कुणी हमी म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. विमा कंपनी हप्ता घेतल्याशिवाय जोखीम घेत नाही. शहरानंही हमीची किंमत सहीच्या दिवशी काढावी आणि तेवढी रक्कम त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवून बाजूला ठेवावी. मग सभागृहात हात वर करताना नगरसेवक दोनदा विचार करतील. उत्पन्नाचा अंदाज बांधणाऱ्याला विकणाऱ्यानं नेमू नये, आणि त्याची निम्मी फी पाचव्या वर्षीचे आकडे आल्यावरच द्यावी. भुईभाडं उत्पन्नाच्या टक्केवारीत ठेवावं, म्हणजे जमीनमालकालाही गाड्या मोजाव्या लागतील. हे शेवटचं करारात घालणं सगळ्यात अवघड. त्याची कारणं माझ्या टिपणांत चार पानं आहेत, पण अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारा, म्हणजे सांगतो.