सैनिकाची मुदत

नमस्कार श्रोतेहो,

‘सैन्यात किती वर्षं काढावी लागतात?’ हा प्रश्न विचारायला सोपा आहे. उत्तर मात्र देशागणिक तर बदलतंच, पण एकाच पलटणीत शेजारी उभ्या असलेल्या तिघांचंही एक असेलच असं नाही. एक जण सक्तीच्या सेवेतला, वर्ष-दीड वर्षात घरी जाणारा. दुसरा चार-पाच वर्षांच्या करारावर आलेला. तिसऱ्यानं अख्खी उमेदच गणवेशात घालवायची ठरवलेली. माझं मत आधीच सांगून टाकतो. मुदत लांब आहे की आखूड, यापेक्षा तिची शेवटची तारीख पाळली जाते की नाही, हे सैनिकाला जास्त छळतं.

हा छळ फार जुना आहे. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस यानं इसवी सनपूर्व १३ मध्ये सैनिकांची मुदत १६ वर्षं ठरवली, आणि पुढं ती २० वर नेली. मुदत संपली की १२,००० सेस्टर्स रोख मिळायचे. त्यासाठी इसवी सन ६ मध्ये वेगळा लष्करी खजिना उघडला आणि वारशानं मिळणाऱ्या संपत्तीवर पाच टक्के कर बसवला. श्रीमंतांनी नाकं मुरडली, पण व्यवस्था कागदावर चोख होती. प्रत्यक्षात वीस वर्षं झालेल्या माणसालाही सोडत नसत. ‘आता तू राखीव’ म्हणायचं आणि त्याच छावणीत, त्याच कामाला ठेवायचं. जमीन मिळालीच तर दलदलीत, नाहीतर खडकाळ डोंगरात.

इसवी सन १४ मध्ये ऑगस्टस वारला आणि र्‍हाईन नदीकाठच्या छावण्यांत बंड पेटलं. समजूत घालायला राजघराण्यातला सेनापती गेर्मानिकुस आला. तेव्हा काही म्हाताऱ्या सैनिकांनी त्याचा हात मुका घेण्याच्या निमित्तानं धरला आणि त्याची बोटं आपल्या तोंडात घातली. बघ, हिरड्या चाचपून बघ, दात उरलेत का! तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं झाली होती त्यांना. सगळ्या भाषणांपेक्षा हा अर्ज बोलका होता. मागणी मान्य झाली, मुदत १६ वर्षं ठरली. आणि पुढच्याच वर्षी नवा सम्राट तिबेरियस यानं ती रद्द केली. कारण काय, तर वीस वर्षांच्या आत माणसं सोडली तर खजिन्याला परवडत नाही. सैनिकाची मुदत ठरवताना रणनीतीइतकाच, कधी कधी तिच्यापेक्षा जास्त, हिशेबनीसाचा शब्द चालतो. ही गोष्ट अजूनही फारशी बदललेली नाही.

रशियात तर बराच काळ मुदतच नव्हती. पीटर द ग्रेटनं १७०५ मध्ये शेतकऱ्यांतून भरती सुरू केली ती जन्मभरासाठी. १७९३ मध्ये ती पंचवीस वर्षांवर आली, पण त्या काळच्या आयुर्मानात याचा अर्थ फारसा वेगळा नव्हता. भरतीच्या ठिकाणी जो निवडला गेला त्याच्या डोक्याचा पुढचा भाग भादरत, म्हणजे पळून गेला तरी ओळखू यावा. ज्याला नाकारलं त्याचा मागचा भाग भादरत. त्यामुळं घरच्यांना लांबूनच कळायचं. निवडलेल्याला गावच्या बायका मेलेल्या माणसासाठी रडतात तशा रडून निरोप देत. त्याची बायको ना धड सवाष्ण, ना विधवा.

१८७४ च्या सुधारणेनं हे मोडलं. सहा वर्षं प्रत्यक्ष सेवा, नऊ वर्षं राखीव दलात. शिवाय प्राथमिक शाळा पुरी केलेल्याला चारच वर्षं आणि विद्यापीठाच्या पदवीधराला अवघे सहा महिने. शाळेत जायला इतकं रोकडं कारण क्वचितच कुठल्या सरकारनं दिलं असेल.

ही ‘राखीव’ची कल्पना यशस्वी करून दाखवली प्रशियानं, म्हणजे पुढं ज्याच्याभोवती जर्मनी एक झाला त्या राज्यानं. एकेक माणूस पंचवीस वर्षं सांभाळायचा, तर फौज लहान राहते आणि म्हातारी होते. तोच तीन वर्षांत शिकवून घरी पाठवला आणि दरवर्षी नवी तुकडी घेतली, तर युद्धाच्या वेळी लाखो शिकलेली माणसं हाकेसरशी गोळा होतात. १८१४ पासून तिथं तीन वर्षांची सेवा होती. संसदेतले उदारमतवादी म्हणत, दोन पुरेत. राजा विल्हेल्म म्हणाला, तीन म्हणजे तीन. भांडण इतकं विकोपाला गेलं की राजानं गादी सोडण्याचा कागदही लिहून ठेवला होता. शेवटी १८६२ मध्ये संसदेला पुरून उरेल असा माणूस त्यानं बोलावला. त्याचं नाव बिस्मार्क. सैनिकाच्या एका वर्षावरून युरोपचा नकाशा बदलणारा माणूस सत्तेवर आला! आणि १८९३ मध्ये जर्मनीनं पायदळासाठी दोनच वर्षं करून टाकली.

आजचे आकडे भराभर सांगतो. दक्षिण कोरियात भूदलात अठरा महिने. सिंगापूरमध्ये दोन वर्षं. तैवाननं चार महिन्यांवर आणलेली सेवा २०२४ पासून पुन्हा एक वर्ष केली. फिनलंडमध्ये कामानुसार १६५, २५५ किंवा ३४७ दिवस, आणि तिथली पोरं दिवस मोजत नाहीत, उरलेल्या सकाळी मोजतात. फ्रान्सच्या परदेशी सैनिकांच्या दलात, म्हणजे फॉरिन लीजनमध्ये, पहिला करार पाच वर्षांचा. अमेरिकेत सही करणारा चार वर्षं म्हणतो खरा, पण एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते. उरलेला काळ तो राखीव यादीत असतो आणि बोलावणं येऊ शकतं. सही करताना हा भाग बारीक वाचावा.

स्वखुशीच्या नोकरीत आणखी एक रेघ महत्त्वाची असते, पेन्शनची. अमेरिकेत वीस वर्षं, भारतात जवानासाठी पंधरा. पंधराव्या वर्षी पेन्शन पक्कं होतं म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी कंटाळलेला जवानही दात-ओठ खाऊन टिकून राहतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची मुदत आली आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढं कायम करायचं ठरलं. बाकीचे त्या रेघेच्या बरेच अलीकडून परत फिरणार. एकरकमी पैसे मिळतात, पण पेन्शन नाही. यावर जो वाद झाला त्यात देशभक्ती, तरुण फौज असे बरेच शब्द वापरले गेले. हिशेबनीस मात्र तोच, तिबेरियसच्या वेळचा.

तारीख आधीपासून पक्की असणं नेहमी सोयीचंच असतं असंही नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकाला बारा महिन्यांसाठी पाठवत. प्रत्येकाची तारीख वेगळी. हेल्मेटच्या कापडी खोळीवर महिन्यांची नावं लिहून एकेक खोडत जायची. पण शेवटचा महिना उरला की माणूस गस्तीला जायला कां-कू करी, आणि जरा मुरलेला गडी तयार झाला की तो घरी जाई. तुकडीत कायम नवखे.

त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, त्याच सैन्यानं वेगळी युक्ती केली होती. सेवेच्या दर महिन्याला एक गुण, परदेशातल्या दर महिन्याला आणखी एक, मोहिमेला किंवा पदकाला पाच, आणि घरी लहान मूल असेल तर प्रत्येकी बारा, जास्तीत जास्त तिघांपर्यंत. मे १९४५ मध्ये ८५ गुण भरले की घरी. यावरही कटकटी झाल्या, पण निदान कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येकाला आपला नंबर काढता येत होता.

असा नंबरच काढता येऊ नये अशी पाळी आजही येते. पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात कायद्यानं सेवा अठरा महिन्यांची आहे. १९९८ मध्ये इथिओपियाशी युद्ध पेटलं आणि तेव्हापासून ती बेमुदत होऊन बसली, माणसं वर्षानुवर्षं त्यातच. युक्रेनमध्ये २०२४ च्या भरतीच्या कायद्याच्या मसुद्यात छत्तीस महिन्यांनी सोडायचं कलम होतं. एप्रिलमध्ये कायदा मंजूर झाला तो ते कलम वगळून. आघाडीवरून एक माणूस काढला तर त्याच्या जागी उभं राहायला दुसरा हवा, तो आहे कुठं, असा सेनापतींचा सवाल होता. सैनिकांच्या बायका कीवच्या रस्त्यावर फलक घेऊन उभ्या राहत होत्या. दोघांचंही खोटं नव्हतं. आणि समोरच्या बाजूला, रशियात, सप्टेंबर २०२२ च्या हुकुमानं सगळ्या कंत्राटी सैनिकांचे करार आपोआप पुढं चालू राहिले. जो थोड्या मुदतीची सही करून गेला होता, त्याच्या कागदावरची तारीख उलटली आणि तो तिथंच राहिला.

नमस्कार.