ऑरेंज सिटीत संत्र्याचं झाड कुठंय भाऊ?

हा बोर्ड नीट बघा. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात लिहिलंय, वरूड ऑरेंज सिटी. रेल्वेची पाटी आहे, फोटोशॉप नाही. नरखेडहून अमरावतीकडे जाणारी ही लाईन, दिवसाला मोजक्या गाड्या, आणि आत्ता या प्लॅटफॉर्मवर मी, माझा कॅमेरावाला मित्र आणि एक झोपलेलं कुत्रं एवढेच आहोत. पुण्यात होस्टेलला असताना रूममेटला मी हाच फोटो दाखवला तर तो म्हणाला, अरे ऑरेंज सिटी म्हणजे नागपूर ना, हे वरूड कुठून आलं मधेच.

मधेच नाही आलं बाप्पा. वरूड अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशची बॉर्डर अगदी जवळ, आणि नागपूर इथून शंभरेक किलोमीटर. इकडं वरूड, मोर्शी, तिकडं नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेड, हा सगळा पट्टा संत्र्याचा. विदर्भात संत्रा सव्वा लाख हेक्टरच्या आसपास आहे म्हणतात, त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या अमरावती जिल्ह्यात. पण मी पुण्यात पाच वर्षं "नागपूर साईडचा" म्हणूनच काढली, कारण वरूड सांगितलं की पुढचे दहा मिनिटं नकाशा काढून दाखवावा लागायचा आणि मग शेवटी वाक्य एकच, अच्छा नागपूर, मग येताना संत्री आण ना पेटीभर.

म्हणून म्हटलं एकदा जाऊन बघूच ऑरेंज सिटीत संत्रा कुठंय ते.

हे नागपूर स्टेशन. मागच्या बाजूनं बाहेर पडलं की त्या भागाला अजूनही संत्रा मार्केट म्हणतात. नाव राहिलं, फळांचा मोठा बाजार कधीचाच कळमन्याला गेला. आता नुसतं रस्त्यानं चालत बोर्ड मोजा. ऑरेंज नावाचं लॉज, ऑरेंज नावाचं ट्रॅव्हल्स, मोबाईलचं दुकान, कोचिंग क्लास. मेट्रोची खापरीकडं जाणारी लाईन, तिचं नावच ऑरेंज लाईन. २०१७ ला इथं वर्ल्ड ऑरेंज फेस्टिवल पण झाला, वर्ल्ड बरं का. मी एका ऑटोवाल्या भाऊला विचारलं की भाऊ इथं संत्र्याचं झाड कुठं पाहायला मिळेल. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी नागपुरात समुद्र विचारला. मग म्हणाला, "झाड? झाड कायले पाहिजे तुम्हाले? बर्फी घेऊन घ्या नं, तिकडं चांगली भेटते."

आता खोटं कशाला बोलू, झाडं आहेत. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिच्या आवारात आहेत, शहराच्या बाहेर निघालं की कळमेश्वर काटोलच्या रस्त्याला बगीचे दिसायला लागतात. म्हणजे नागपूरचं नाव अगदीच हवेतलं नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळात संत्रा इकडं आला असं सांगतात, आणि १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, मग आजूबाजूच्या खेड्यातला माल बैलगाडीनं नागपूरला यायचा आणि तिथून पेट्या भरून मुंबई, कलकत्ता. पेटी जिथून गाडीत चढली त्या गावाचं नाव फळाला लागलं, इतकं साधं आहे ते. फळाला कोणी विचारत नाही तुझं झाड कुठलं म्हणून. २०१४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तोसुद्धा नागपुरी संत्रा याच नावानं, आणि तो बरोबरच आहे, कारण जगात चालतं ते नाव तेच. माझी तक्रार नावाबद्दल नाही. त्या नावामुळं लोकांना वाटतं संत्रा म्हणजे एका शहराची श्रीमंती, नागपूरवाल्यांच्या घराघरात रसाचे नळ असतील.

चला आता आमच्या बगिच्यात.

डिसेंबरची सकाळ आहे, तोडा सुरू आहे, म्हणजे फळ तोडणी. आंबिया बहाराचा माल. आंबिया म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुटणारा, आणि दुसरा मृग, तो पावसाच्या तोंडावर फुटतो आणि उन्हाळा लागताना तुटतो. फूट आणायला झाडाला आधी ताण द्यावा लागतो, म्हणजे मुद्दाम पाणी तोडायचं, झाड पिवळं पडेस्तोवर तहानलेलं ठेवायचं, मग खत पाणी द्यायचं, मग ते घाबरून फुलतं. शहरातल्या मित्राला हे सांगितलं तर म्हणाला क्रुएल आहे यार. असेल. ती समोर बसलेली बाई बघा, माझी काकू, तिच्या हातात दोन संत्रे आहेत आणि ती ते बघत पण नाहीये, नुसत्या वजनावर आणि हाताच्या अंदाजावर एक डावीकडच्या कॅरेटमध्ये जातो एक उजवीकडच्या. डावीकडं मोठा माल. उजवीकडं मध्यम. आणि मागं जो ढीग पडलाय ती चुरी, बारका माल, लिंबापेक्षा जरा मोठा. चुरीचा ढीग जितका मोठा तितका बाबांचा आवाज बारीक होत जातो, हे मी लहानपणापासून बघतोय.

तो पांढऱ्या शर्टातला माणूस व्यापाऱ्याचा. त्यानं सप्टेंबरातच येऊन बगीचा पाहिला, हिरवाच होता तेव्हा माल, पाचशे झाडांचा एकहाती सौदा केला आणि इसार देऊन गेला. इसार म्हणजे ॲडव्हान्स. कागद नाही, स्टँप नाही, एक वहीचं पान आणि "काकाजी काळजी करू नका". यावर्षी आला हे नशीब. दोन वर्षांमागं जो होता त्यानं पहिला तोडा नेला, चांगली चांगली झाडं वेचून नेली, आणि मग फोन उचलणंच बंद. बाबांनी वीस दिवस वाट पाहिली. सौदा झालेला माल दुसऱ्याला देता येत नाही, इसार घेतलाय ना, आपला शब्द आहे. एकविसाव्या दिवशी बगिच्यात गेलो तर जमीन दिसत नव्हती. सगळं केशरी. लांबून इतकं सुंदर दिसत होतं की मी येड्यासारखा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, पुण्याचे सगळे वॉव वॉव करत होते, आणि जवळ गेलं तर तो वास, गोड आणि सडका एकत्र, पायाखाली फळ फुटतंय, मुंग्या, माश्या. बाबा काहीच बोलले नाहीत. खाली बसले, एक बरा संत्रा उचलला, सोलून अर्धा मला दिला.

तेव्हा झालं काय होतं तर बांगलादेश. हो. आपल्याला वाटतं हा संत्रा दुबईला लंडनला जात असेल, पण आमचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी आयात ड्युटी २०१९ ला किलोमागं २० रुपये होती ती वाढवत वाढवत २०२३ पर्यंत ८८ वर नेली. बागेत आम्हाला किलोला मिळतं त्याहून कितीतरी जास्त नुसती ड्युटी. तिकडं गाड्या कमी झाल्या की तोच माल इकडंच्या बाजारात येऊन पडतो आणि भाव बसतो. ढाक्यातला कुठला तरी साहेब सही करतो आणि वरूडला माणूस फोन उचलत नाही. त्या वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आमदार लोक संत्र्याच्या अन् कापसाच्या माळा घालून विधानभवनाच्या पायऱ्यांवर होते, आम्ही टीव्हीवर पाहिलं. १९५३ च्या नागपूर करारानं वर्षातून एक अधिवेशन तिथं घ्यायचं ठरलं, म्हणून नेमकं आमच्या तोड्याच्या दिवसातच सगळे मंत्री इकडं असतात. सरकारनं निर्यातीला सबसिडी जाहीर केली. बाबांनी टीव्हीतल्या त्या माळा पाहून एकच प्रश्न विचारला, "एका माळेत किती मोठा माल लागला असन रे?"

आता दिल्लीचं मार्केट म्हणाल तर तिथं पंजाबचा किन्नू. चकाचक, साल चिकटलेली, आठवडाभर तसाच राहतो. आपला संत्रा सैल सालीचा, नखानं सोलला जातो, आंबटगोड, आणि लवकर उतरतो. चवीला आपलाच भारी, यात मी न्यूट्रल नाही आणि होणारपण नाही. पण गंमत ऐका. वरूड मोर्शीला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, भाषणात तर हमखास. आणि हा किन्नू जन्माला आला कुठं तर खऱ्या कॅलिफोर्नियात, तिथल्या संशोधन केंद्रात दोन जातींचा संकर करून. म्हणजे खोट्या कॅलिफोर्नियाला खरा कॅलिफोर्निया पंजाबमार्गे हाणून राहिला. आणि राजस्थानातलं झालावाड, तिथंही हाच संत्रा लावलाय, त्याला छोटा नागपूर म्हणतात. मुंबईत गाडीवर "नागपुरी" लिहिलेला ढीग दिसला की तो झालावाडचा की मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचा की आमचा हे त्या गाडीवाल्यालाही माहीत नसतं.

हा खड्डा कसला विचाराल. इथं बावीस झाडं होती, आजोबांनी लावलेली, शेंदूरजनाघाटच्या कलमा. शेंदूरजनाघाट म्हणजे कलमांचं गाव, तिथून झाडं कुठं कुठं जातात. २०१९ च्या उन्हाळ्यात या पट्ट्यात बगीचेच्या बगीचे वाळले, आमचा हा तुकडा पण. बोअर ८०० फुटांवर गेला, शेजारच्याचा हजारावर, खालून धूळ आली. जमिनीतलं पाणी उपसून संपवलेल्या तालुक्यांच्या यादीत आम्ही आहोतच, आणि तो दोष नागपूरचा नाही, आमचाच आहे, सगळ्यांनी बोअरवर बोअर मारले, बाबांनी पण. शेवटी जेसीबी बोलावला. जेसीबीवाला पोट्टा गाणी लावून झाडं काढत होता, आजी घरातून बाहेर आली नाही.

रसाची फॅक्टरी पाहिजे हे मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. चुरी रसाला जाईल, चुरीला भाव मिळेल. नागपूरला मिहान या औद्योगिक भागात पतंजलीचा फूड पार्क, त्याचं भूमिपूजन झालं २०१६ ला आणि उद्घाटन २०२५ च्या मार्चला. त्यात संत्र्याचा रस निघतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, पाहू.

आणि तरी आमच्या गावात नागपूरची जी हवा आहे ना, ती पुण्यामुंबईवाल्यांपेक्षा जास्त आहे. लग्नाचंच घ्या. आमच्या गल्लीत एक भाऊ आहे, आठ एकर संत्रा, ट्रॅक्टर, घर स्लॅबचं, वय चौतीस, पोरगी मिळत नाही. त्याचाच चुलत भाऊ नागपूरला एका गोडाऊनवर कामाला, भाड्याची एक खोली, उन्हाळ्यात टँकर आला की बादल्या घेऊन धावतो, त्याचं लग्न झालं चोविसाव्या वर्षी. मुलीकडच्यांनी खोली पाहिलीच नाही, नागपूर ऐकलं आणि बस्स. तो मला म्हणाला, "वावरात राहून राह्यलो असतो तं मी बी तसाच बसलो असतो." शहराचं नाव इथंपण काम करतं, पेटीवर करतं तसंच. ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ डिग्री अशी बातमी आली होती आठवतं? गावच्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट शंभरदा फिरला. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की सेन्सर बिघडला होता, ते कोणी फॉरवर्ड केलं नाही.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी मी बाबांना नागपूरला घेऊन गेलो. दवाखान्याचं काम होतं आणि आत्याकडं पण जायचं होतं, तर त्यांनी एक पिशवी संत्रा बरोबर घेतला, मोठा माल, पानासकट तोडलेला. आत्याच्या शेजारच्या काकू आल्या, एक सोलून खाल्ला आणि म्हणाल्या, "वा, हे खरे नागपूरचे हो, आजकाल असे भेटत नाही." बाबा हसले. मला वाटलं आता सांगतील. नाही सांगितलं, अजून दोन काढून त्यांच्या हातात दिले.

येताना आईनं सांगितलं होतं म्हणून संत्रा बर्फीचा डबा घेतला. डब्यावर संत्र्याचं चित्र, एक हिरवं पान, पाण्याचे थेंब. एसटी काटोलच्या पुढं आल्यावर बाबांना राहवेना, त्यांनी डबा उघडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बगीचे बघत चघळत बसले.

मी विचारलं कशी आहे.

"गोड हाये," म्हणाले. "आंबटच नाही लागत पण."

मग डबा कंडक्टरपुढं धरला.