मेनिएरचा आजार: कानातून येणारी चक्कर

(सांगली येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मराठीत चक्कर, भोवळ, घेरी असे शब्द आहेत, पण दवाखान्यात आलेला माणूस बहुधा एकच वापरतो. उन्हात उभे राहून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना तोल जाणे आणि बसल्या जागी सगळी खोली गरगर फिरू लागणे, या तिन्ही गोष्टींना तो चक्करच म्हणतो. त्यामुळे माझी पहिली पाच मिनिटे हा शब्द सोडवण्यातच जातात. आज मी यांतल्या शेवटच्या प्रकाराबद्दल, आणि त्यातही मेनिएरच्या आजाराबद्दल बोलणार आहे.

हळदीच्या पेढीवरचे एक दिवाणजी माझ्याकडे आले होते, वय पंचेचाळिशीचे. सौदे चालू असताना त्यांच्या उजव्या कानाला दडा बसला, मग लांबून गिरणी चालावी तशी घरघर सुरू झाली आणि थोड्याच वेळात समोरची पोत्यांची थप्पी फिरू लागली. ते जमिनीवर आडवे झाले, डोळे मिटले तरी फिरणे थांबेना, उलट्या झाल्या आणि तीन तासांनी सगळे आपोआप ओसरले. असे चार-पाच वेळा झाले. आधी पित्त समजून औषधे झाली, नंतर मानेच्या मणक्यावर ठपका आला आणि दोन वर्षे गृहस्थ गळ्यात पट्टा घालून जमाखर्च लिहीत बसले. कानाबद्दल त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही, कारण झटका गेला की कान पुन्हा मोकळा होत असे.

हा घोटाळा जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा झटक्यांचे खापर मेंदूत रक्त साकळण्यावर फोडले जाई. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेत काम करणारे प्रॉस्पर मेनिएर यांनी चक्कर, कानातला आवाज आणि बहिरेपण एकाच माणसात एकत्र येताना पाहिले, आणि या तिन्हींचे मूळ अंतर्कर्णात आहे असे १८६१ साली मांडले. पुढच्याच वर्षी ते वारले.

कानाच्या आत, कवटीच्या कठीण हाडात, शंखासारखी वेटोळी नळी ऐकण्यासाठी असते आणि तिला जोडून तीन अर्धवर्तुळाकार नळ्या व दोन लहान पिशव्या तोलासाठी असतात. सायकलच्या टायरमध्ये ट्यूब असावी तशी या हाडाच्या पोकळीत पातळ पडद्याची नळी असते. ट्यूबमधल्या द्रवात पोटॅशियम जास्त, बाहेरच्या द्रवात सोडियम जास्त. मेनिएरच्या आजारात आतला द्रव साचून ही ट्यूब फुगते. १९३८ साली लंडन आणि जपान येथील संशोधकांनी मृत रुग्णांच्या कानाच्या हाडात ही सूज प्रत्यक्ष पाहिली. ताणलेल्या पडद्याला चीर पडून दोन द्रव मिसळतात व तोलाच्या नसेचे काम बिघडते, अशी झटक्याची एक उपपत्ती सांगितली जाते. ती सर्वांनी स्वीकारलेली नाही, आणि द्रव मुळात का साचतो हा प्रश्नही सुटलेला नाही.

म्हणून मी रुग्णाला विचारतो की फिरणे किती वेळ टिकले. कूस बदलताच घर फिरले आणि मिनिटाच्या आत थांबले, तर बहुधा तोलाच्या पिशवीतले कॅल्शियमचे बारीक कण सुटून नळीत शिरलेले असतात, आणि ते डोके ठरावीक क्रमाने वळवून बहुतेक वेळा जागेवर आणता येतात. दिवसचे दिवस चक्कर आणि ऐकणे मात्र उत्तम, तर तोलाच्या नसेला सूज असण्याचा संभव अधिक. वीस मिनिटे ते बारा तास टिकणारे, पुन्हापुन्हा येणारे आणि एका कानाची तक्रार सोबत आणणारे झटके हा मेनिएरचा नमुना. चकरेबरोबर बोलणे अडखळले, वस्तू दोन दिसू लागल्या किंवा हातपाय लुळा पडला, तर मात्र कानाचा विचार बाजूला ठेवून तडक मोठे रुग्णालय गाठावे.

दिवाणजींच्या श्रवणचाचणीचा आलेख डाव्या बाजूला, म्हणजे खर्जाच्या स्वरांकडे, खाली बसलेला होता. वयोमानाच्या बहिरेपणात तो उजवीकडे, तार स्वरांकडे, उतरतो. त्यांना उजव्या कानाने देवळातली घंटा ऐकू येई, पण फोनवर मालकाचा भरड आवाज विरून जाई. एका कानाचे ऐकणे कमी झाल्यामुळे नसेवर गाठ नाही याची खात्री एमआरआयने करून घेतली.

उपचारांबद्दल स्पष्ट बोलतो. मीठ कमी करा म्हटले की सांगलीकर भडंगाच्या पुड्याकडे केविलवाणे पाहतो. मिठाचा पुरावा फार भक्कम नाही, पण पथ्य निरुपद्रवी आहे आणि रक्तदाबालाही बरे. सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टिनची जर्मनीत मोठी चाचणी झाली. २०१६ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा झटक्यांच्या संख्येत या गोळीत आणि औषध नसलेल्या गोळीत फरक आढळला नाही. तरी काहींना ती मानवते, म्हणून मीही काही महिने देऊन पाहतो. एवढ्याने न भागल्यास कानाच्या पडद्यातून स्टेरॉइडचे इंजेक्शन, आणि अगदीच असह्य झाल्यास जेंटामायसिन, जे तोलाचा बिघडलेला भाग मुद्दाम निकामी करते. त्यात ऐकणे जाण्याचा धोका असतो. एका बाजूचा तोल गेला तरी व्यायामाने मेंदू दुसऱ्या बाजूवर काम चालवायला शिकतो. बऱ्याच जणांचे झटके वर्षांनुवर्षांच्या ओघात विरळ होतात, पण गेलेले ऐकणे सहसा परत येत नाही.

दिवाणजींचा पट्टा सुटला, झटके वर्षाला एखाद-दुसऱ्यावर आले. मग त्यांनी विचारले की कृष्णेत पोहायला जाऊ का, कारण लहानपणापासून त्यांची ती सवय. मी नको म्हणालो. गढूळ पाण्याखाली डोळ्यांना काही दिसत नाही आणि पायाखाली जमीन नसते, तेव्हा वर कुठे आणि खाली कुठे हे मुख्यतः कानच सांगतो. आता ते पहाटे घाटाच्या पायरीवर बसून, तांब्याने अंगावर पाणी घेतात.