सुरबानाना टिपणीस : महाडच्या ठरावाचे नगराध्यक्ष

हे महाड. सावित्री नदीकाठची जुनी पेठ, रायगडाच्या पायथ्याचा मुलूख. जिल्हा तेव्हा कुलाबा होता. आणि हे गावातलं चवदार तळं. इथे इतर धर्मांची माणसं पाणी भरायची, गुरं पाणी प्यायची. मनाई होती ती फक्त अस्पृश्य ठरवलेल्यांना.

ऑगस्ट 1923 मध्ये समाजसुधारक सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. असे ठराव दप्तरात ठेवून देणं सोपं असतं. महाड नगरपालिकेने मात्र 1924 मध्ये स्वतःचा ठराव केला आणि चवदार तळं अस्पृश्यांना खुलं असल्याचं जाहीर केलं.

नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. लोक त्यांना सुरबानाना म्हणत. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यातले, म्हणजे गावच्या प्रतिष्ठित वर्गातलेच. त्यांच्या या धाडसाची आठवण इतिहासात जेमतेम एका ओळीत उरकली जाते, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

ठराव झाला, तरी तळ्यावर जायची कुणाची छाती होईना. सभा आणि दप्तर नगराध्यक्षाच्या हाती असतं. गावाचा धाक त्याच्या सहीने हटत नाही.

मग 19 आणि 20 मार्च 1927 ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, म्हणजे अस्पृश्यांची परिषद, महाडला भरली. तरुण दलित कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी ती घडवून आणण्यासाठी जिवाचं रान केलं होतं. सुरबानाना आणि बाबासाहेबांचे सवर्ण सहकारी अनंतराव चित्रे पाठीशी होते. परिषदेला आलेल्या हजारो माणसांना प्यायला पाणी कुठलं? चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं! तळं तिथेच होतं, ठरावाने खुलं होतं, आणि पाणी विकत.

दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मिरवणुकीने तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले. मागोमाग सगळे प्यायले. थोड्याच वेळात गावात आवई उठली, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. नंतर पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं.

4 ऑगस्ट 1927. नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

अशा वेळी गावच्या पुढाऱ्याने गप्प बसणंच सोयीचं. मतं गावातली, सोयरीक गावातली, रोजचा उंबरठा गावातला. सुरबानाना हटले नाहीत. डिसेंबरात सत्याग्रह परिषद पुन्हा भरायची होती, तेव्हा सवर्णांनी दावा दाखल केला की तळं खासगी आहे, आणि कोर्टाचा मनाई हुकूम मिळवला. परिषदेला जागाही कुणी देईना. ती फत्तेखान या मुसलमान जमीनमालकाने दिली. 25 डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली.

पुढे सुरबानाना बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षात आले. 1937 च्या निवडणुकीत त्याच पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. गावच्या पालिकेत सुरू झालेलं राजकारण प्रांताच्या सभागृहात पोचलं, तेही ज्या बाजूला उभं राहिल्याने गावात वैर पत्करावं लागलं, तिच्याच तिकिटावर.

तळ्याचा दावा नऊ वर्षांहून जास्त चालला. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : अस्पृश्यांना तळ्यावर मनाई करणारी वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलेलं नाही. महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती.