ज्याचा चेहरा आम्ही दाखवणार नाही

(दृश्य : नौपाडा, ठाणे. एका घरातला दिवाणखाना. टेबलावर लॅपटॉप आणि पासपोर्टच्या झेरॉक्स.)

निवेदन :
तुर्कमेनिस्तान. इराण आणि अफगाणिस्तानच्या उत्तरेला, कास्पियन समुद्राच्या काठी. बहुतेक भूभाग काराकुम वाळवंटाचा. जगात फार थोडे पर्यटक जिथे जातात, अशा देशांपैकी हा एक. या दिवाणखान्यातली मंडळी तिथे निघाली आहेत. बँकेतून निवृत्त झालेलं जोडपं, एक शिक्षिका, घोडबंदर रोडचा एक तरुण इंजिनीअर.

नुसतं तिकीट काढून इथे जाता येत नाही. तिथल्या पर्यटन कंपनीमार्फत आमंत्रणपत्र मागवायचं. पासपोर्ट, फोटो, नोकरीचा तपशील असं सगळं राजधानी अश्गाबादला स्थलांतर विभागाकडे जातं. होकार आला तर निघायचं. नकार आला, तर कारण बहुधा कळत नाही. 2025 मध्ये ई-व्हिसाचा कायदा झाला, पण या गटाने जुनाच रस्ता धरलाय.

(दृश्य : अश्गाबादचे फोटो. एका माणसाचा चेहरा पुसट केलेला.)

हे फोटो याच गल्लीतून आधी जाऊन आलेल्या मंडळींनी फोनवर काढलेले. मधला हा माणूस त्यांचा गाईड. विमानतळावर घ्यायला आला तेव्हापासून निरोप देईपर्यंत तो सोबत होता. त्याचा चेहरा आम्ही झाकलाय आणि नावही घेणार नाही.

शहर डोळे दिपवणारं आहे. पांढऱ्या संगमरवराने मढवलेल्या 543 इमारतींसाठी 2013 मध्ये गिनीज बुकात अश्गाबादची नोंद झाली. रस्त्यावरच्या गाड्याही जवळपास सगळ्या पांढऱ्या. पहिले राष्ट्राध्यक्ष नियाझोव यांचा सोनेरी पुतळा पूर्वी दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरत असे. 2010 मध्ये तो शहराच्या मध्यातून हलवला. सरकारी इमारतींकडे कॅमेरा वळला, की पहारेकऱ्याची शिट्टी वाजते आणि गाईडला पुढे होऊन बोलावं लागतं.

इथे थोडं थांबायला हवं. शिट्टी वाजते पर्यटकासाठी, उत्तर द्यावं लागतं गाईडला.

त्या गटातल्या एका काकांनी भरल्या गाडीत त्याला विचारलं, तुमचं सरकार तुम्हाला पसंत आहे का? पुढे ड्रायव्हर बसलेला. गाईडने खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि समोरच्या कारंज्याची माहिती सांगायला लागला. गाडी कारंजं ओलांडून गेली, तरी तो कारंज्याबद्दलच बोलत राहिला. काकांच्या पत्नीने त्यांच्या हातावर हात ठेवला. मग तो प्रश्न कुणी काढला नाही.

काकांचा हेतू वाईट नव्हता. पण ते आठवड्याने ठाण्याला परतणार होते. गाईडचं घर, परवाना, मुलांची शाळा सगळं तिथेच. सरकारवर टीका करणाऱ्यांच्या नातेवाइकांनाही त्रास होतो, परदेशी निघालेल्या नागरिकांना विमानतळावरून परत पाठवतात, अशा तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या आहेत. अशा देशात मोकळेपणाने बोलायला लावणं, हा आमच्या मते धीटपणा नव्हे. धोका दुसऱ्याच्या गळ्यात पडतो.

(दृश्य : भूकंपाचं स्मारक.)

आणि म्हणून तो गप्प होता असं समजू नका. या स्मारकापाशी तो खूप बोलला. 6 ऑक्टोबर 1948 ला, मध्यरात्र उलटल्यावर, भूकंपाने अश्गाबाद भुईसपाट झालं, हजारो माणसं गाडली गेली. तेव्हाच्या सोव्हिएत सरकारने हानीचा खरा आकडा कित्येक वर्षं बाहेर येऊ दिला नाही. घराघरांत ती रात्र आजी-आजोबांच्या तोंडून कळत गेली. अकबराचा पालक बैराम खान याला तुर्कमेन लोक आपला कवी मानतात, हेही त्याच्याकडूनच कळलं.

एका खेड्यात बाई मातीच्या भट्टीत रोटी लावत होती. हात पाण्यात बुडवून कणकेची जाड चकती आतल्या भिंतीवर थापायची आणि झटकन हात बाहेर. भाजलेली रोटी एका काकूंनी नकळत पालथी ठेवली. गाईडने काही न बोलता दोन्ही हातांनी उचलून ती सुलट केली. तिथे रोटी पालथी ठेवत नाहीत. काकूंना ते लगेच समजलं. अन्नाला पाय लागला तर आपणही नमस्कार करतोच.

काराकुममधल्या दरवाजा नावाच्या ठिकाणचं वायूचं जळतं विवर सगळे बघतात, यांनीही पाहिलं. ज्वाळा आता पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी झाल्यात.

(दृश्य : पुन्हा दिवाणखाना.)

तिथे व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. मागच्या गटाच्या घरची माणसं इथे एका टिककडे बघत बसली होती. म्हणून या वेळी हॉटेलचे लँडलाइन नंबर घरोघरी लिहून दिलेत. इंजिनीअर मुलाने विचारलं, बंद केलेली अ‍ॅप उघडून देणारं व्हीपीएन टाकून घेऊ का? चर्चा झाली आणि नको असं ठरलं. पकडलं गेलं, तर जाब गाईडलाही विचारतील. ठरलेलं आणखी एक : गाईडचा फोटो त्याला विचारूनच काढायचा आणि इंटरनेटवर टाकायचा नाही.

शिक्षिकाबाईंनी वहीत प्रश्न उतरवलेत. अखल-टेके घोड्याला खायला काय घालतात? लग्नात मुलीला काय देतात? लाल गालिचा विणायला किती महिने लागतात? चांगलं खरबूज ओळखायचं कसं?

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी तिथे खरबुजांचा सण असतो. अर्जात त्याच आठवड्याच्या तारखा घातल्यात. अर्ज गेलाय, उत्तर अजून आलेलं नाही.