साडेसात हजार फेऱ्यांचा क्रँक

(ग्राइंडिंग मशीनचा आवाज, दहा सेकंद तसाच)

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. दुधासारख्या कूलंटखाली फिरतोय तो जिप्सीच्या इंजिनाचा क्रँक, पिस्टनच्या वर-खाली हालचालीचं गोल फिरणं करणारा दांडा. अख्खा क्रँक वेडावाकडा झोके घेतोय, पण घासणाऱ्या चाकाला लागलेली पिन, म्हणजे पिस्टनचा दांडा जिथे बसतो ती गोल खुंटी बघा, जागची हलत नाही.

हे 1298 सीसीचं इंजिन. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 74 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 75.5. कंपनीच्या बांधणीत मिनिटाला 6000 फेऱ्यांवर 80 अश्वशक्ती. रॅलीसाठी ते 7500 पर्यंत न्यायचंय. फेऱ्या वाढल्या पंचवीस टक्क्यांनी, पण रॉडवरचा, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यावरचा ताण वर्गाच्या हिशेबानं वाढतो, म्हणजे छप्पन्न टक्क्यांनी. पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलटा फिरतो, तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाच्या 3000 पटींच्या घरात जातं.

(हातोडीचा हलका ठोका. पुन्हा एकदा.)

ऐकलंत? घडीव क्रँक घंटेसारखा वाजतो, ओतीव बद्द. डोळ्यांनाही कळतं: ओतीवाच्या अंगावर साच्याची बारीक रेघ असते, घडीवावर रुंद, घासून काढलेला पट्टा.

आता दिवे बंद. चुंबकीय पावडरचं पाणी सोडलंय, वर जांभळा दिवा. भेग असती तर हिरवी रेघ चमकली असती. मिस्त्री क्रँक हळूहळू फिरवतायत आणि सगळ्यात जास्त वेळ थांबतात ते पिनेच्या कोपऱ्यावर.

हाच तो कोपरा, फिलेट. पिन जिथे बाजूच्या पाळीला मिळते तिथली गोलाई. क्रँक तुटतो तो बहुतेकदा इथूनच. पिन 0.25 मिलिमीटरनं घासायची म्हटली की चाकाचा कोपरा आधी हिऱ्यानं गोल करून घ्यावा लागतो. घाईत तो धारदार राहिला, तर तयार पिनेचं माप मायक्रोमीटरवर अगदी बरोबर येतं आणि क्रँक मात्र वाया गेलेला असतो. माप कुणीही दाखवेल. गोलाई विचारणारं गिऱ्हाईक क्वचित येतं.

गिऱ्हाईक येतं ते रॉडचे फोटो घेऊन. चकचकीत, एच-बीम म्हणजे इंग्रजी H सारख्या छेदाचे, बाहेरून मागवलेले. दिसतात देखणे, यात वाद नाही. पण फेऱ्या रॉडला ओढतात आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, त्याला दाबतो. टर्बो बसवायचा नाही, म्हणून इथे मूळचेच रॉड ठेवलेत. तपासलेले, शॉट पीनिंग म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा केलेले, आणि बोल्ट नवे. ओढीचा भार शेवटी येतो तो या बोल्टांवर.

मिस्त्री टॉर्क पान्यावर, म्हणजे आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्यावर, भागवत नाहीत. बोल्टच्या दोन्ही टोकांना गेज लावून तो आवळताना किती ताणला जातोय ते मोजतात. सुई सरकते, थांबते. वहीत आकडा. पुढचा बोल्ट.

बोल्ट सुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग सगळंच नवं.

(तराजू. रॉडचं एक टोक कडीला टांगलेलं.)

चारही रॉडची मोठी टोकं एका वजनाची, लहान टोकं एका वजनाची. फरक एका ग्रॅमच्या आत. तिसरा रॉड दोन ग्रॅम जड निघालाय. कॅपच्या, म्हणजे मोठ्या टोकाच्या सुट्या अर्ध्या भागाच्या, खालून चिमूटभर लोखंड घासलं, पुन्हा टांगला. पुन्हा घासला.

संध्याकाळी क्रँक ब्लॉकमध्ये उतरतो. बेअरिंगला तेल, कॅप, बोल्ट. मिस्त्री दोन बोटांनी फ्लायव्हीलच्या बाजूचं टोक ढकलतात.

(क्रँक फिरतो. निवेदन नाही.)